दाबून फिरवायचं टोपण

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत टोपण फिरवल्यासारखा हलतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जमिनीच्या बांधावरून फुटलेली डोकी पाहिली. त्यातली कितीतरी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. ही मात्र वेगळी राहिली. त्यात हत्यार नव्हतं, वैर नव्हतं. एक प्लास्टिकचं पांढरं टोपण होतं. त्याच्या डोक्यावर बाण कोरलेला होता आणि बाणाशेजारी दाबा व फिरवा असं इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलेलं होतं. मराठीत नव्हतं. त्या टोपणावरून एका बाईवर खुनाचा गुन्हा दाखल करायचा की नाही, हे मला ठरवायचं होतं.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत तिथवर आलो. माझ्यासाठी कोणी फोन केला नाही, कोणी चिठ्ठी दिली नाही. वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. देवणीच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. चेहरा एक सांगत असतो, बोटं दुसरंच. लहानपणी मी ते पाहत बसायचो. पुढं चौकशीच्या खोलीत मला प्रशिक्षण केंद्रापेक्षा त्या बाजाराचा उपयोग जास्त झाला.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून आमच्या ठाण्याला कागद आले. आमच्या हद्दीतल्या एका गावातली पाच वर्षांची मुलगी विषबाधेनं दगावली होती. आधी उदगीरला नेली होती, तिथून लातूरला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. आम्ही आकस्मिक मृत्यू दाखल केला आणि मी पंचांना घेऊन गावात गेलो.

घर साधं. नवरा, बायको आणि ती मुलगी. गोठ्यात देवणी जातीच्या बैलांची जोडी. बैलांच्या अंगावरचे गोचीड मारायचं औषध गोठ्याच्या भिंतीतल्या बुटक्या देवळीत, म्हणजे कोनाड्यात, ठेवलेलं असायचं. आम्ही गेलो तेव्हा बाटली गव्हाणीशेजारी आडवी पडलेली होती आणि टोपण तिच्या जवळच होतं. वास असा होता की डोळ्यांत पाणी यावं. पंचनामा केला, बाटली आणि टोपण कापडात बांधून लाखेचं सील केलं, वर पंचांच्या सह्या घेतल्या. मुलीच्या बापाला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "मी शेतात होतो साहेब. घरी हीच होती."

'हीच' म्हणजे त्याची दुसरी बायको. पहिली मुलीच्या जन्मानंतर तापानं गेली होती. ही आली तेव्हा मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. हिला स्वतःचं मूल झालं नव्हतं.

मी ठाण्यात परतलो आणि खुर्चीला पाठ टेकवली तोच फोन आला. ठाणे अंमलदारानं रिसीव्हर माझ्याकडं दिला.

"साहेब, लेकरू मेलं न्हाई, मारलंय. सावत्र आईनं पाजलंय."

"कोण बोलतंय?"

"लेकराचा मामा म्हणा. शेजारणीला इचारा तुमी. सकाळच्याला टोपणानं पाजताना बगितलंय तिनं."

मी फोन खाली ठेवला. पोलिसाला येणाऱ्या खबरांतल्या निम्म्या खबरा रागातून येतात, पण रागातून आलेली खबर खोटीच असते असं नाही. शेजारणीकडं गेलो. ती म्हातारी बाई कोणाच्या बाजूची नव्हती. ती म्हणाली, "हाव, बगितलंय मी. ओट्यावर बसून लेकराच्या तोंडाला टोपण लावलं तिनं. लेकरानं तोंड वाकडं केलं. आता त्यात काय होतं, ते मला कसं कळावं साहेब?"

दुसऱ्या दिवशी मामा माणसं घेऊन ठाण्याच्या फाटकात उभा राहिला. खुनाचा गुन्हा घ्या, तिला अटक करा, नाहीतर रस्त्यावर बसतो. मुलीची माती झाली तेव्हा त्याच्याकडच्या बायकांनी हिला खड्ड्याजवळ येऊ दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ती लांब बाभळीखाली उभी होती म्हणे.

बाईचा जबाब कायद्यानं तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. पण त्या घराभोवती माणसांचा वेढा होता. ती स्वतःच म्हणाली, मी ठाण्यात येते. भर दुपारी, महिला शिपाई शेजारी बसवून, मी तिला समोर घेतलं.

"सकाळी मुलीला काय पाजलं?"

"खोकल्याचं औषिद साहेब. लई खोकत होती. टोपणभर दिलं."

"कुठल्या बाटलीचं टोपण?"

"खोकल्याच्याच. दुसऱ्या बाटलीचं टोपण कशाला लावू लेकराच्या तोंडाला?"

"बैलाच्या औषधाला कधी हात लावला?"

"न्हाई. त्याच्या वासानं माजं डोस्कं उठतं. ते मालकाचं काम."

"मग ती बाटली उघडली कुणी? भुतानं?"

माझा आवाज चढला. माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे आणि जिल्ह्याला माहीत होतं. टेबलावर हात आपटला तेव्हा महिला शिपाई दचकली. ही दचकली नाही.

"वरडा साहेब तुमी. घरी बी समदे वरडायलेतच."

"बाई, सरळ सांगितलं तर मी काहीतरी करू शकतो. चुकून दिलं असेल, दोन बाटल्या शेजारी असतील, हात चुकला असेल. तसं सांगा. तसं असेल तर त्याचं कलम वेगळं, शिक्षा वेगळी."

हा माझा नेहमीचा सौदा. आरोपीला दोन भाव सांगायचे, एक जबर आणि एक झेपणारा. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा झेपणाऱ्या भावाकडं वळतो. तोंडानं नाही म्हणाला तरी बोटं सैल होतात. मी तिच्या हातांकडं बघत होतो. तिनं पदराचं टोक मांडीवर घेतलं होतं, त्याचे तीन भाग केले होते आणि एकावर एक टाकत ती ते विणत होती. शेवटापर्यंत जायची, सोडायची, पुन्हा सुरू करायची. मला कळायला वेळ लागला. ती वेणी घालत होती.

"हात चुकला म्हणू?" ती म्हणाली. "चुकला असता तर म्हणले असते. न्हाई चुकला."

तिनं भाव घेतला नाही. मी तिला सोडलं आणि गावात एक शिपाई ठेवला. पण हातांच्या हालचाली पंचनाम्यात लिहिता येत नाहीत, आणि पुरावा तिच्या विरुद्ध होता. तो किती विरुद्ध होता, ते मला कंपनीच्या माणसानं समजावून सांगितलं.

औषध बनवणाऱ्या कंपनीला मी पत्र पाठवलं होतं. त्यांचा विभागीय अधिकारी गाडी घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नव्या बाटल्यांचा खोका. त्यानं माझ्या टेबलावर बाटली ठेवली.

"साहेब, हे साधं टोपण नाही. हे मुलांना उघडता येऊ नये म्हणूनच बनवलंय. यात दोन टोपणं आहेत, एकात एक. नुसतं फिरवलं तर बाहेरचं रिकामं फिरतं. ऐका." त्यानं फिरवलं. टक टक टक असा आवाज आला, टोपण जागचं हललं नाही. "वरून दाबलं की बाहेरच्याचे दात आतल्याच्या खाचांत बसतात, आणि मग दोन्ही मिळून फिरतात. दाबायचं आणि त्याच वेळी फिरवायचं, हे लहान पोराला जमत नाही. आणि ही खालची कडी पाहा. पहिल्यांदा उघडलं की ती टोपणापासून तुटते आणि बाटलीच्या मानेत राहते. म्हणजे दुकानातून निघाल्यावर कोणी हात लावला का, ते लगेच कळतं."

मी माणसाच्या बोलण्यावर माल घेत नाही. आम्ही नव्या बाटल्या रिकाम्या करून धुतल्या, त्यांत पाणी भरलं आणि अंगणवाडीत गेलो. मुलांच्या आयांना बोलावून घेतलं, सेविकेला सांगितलं. मुलांनी बाटल्या घेतल्या. फिरवल्या, आपटल्या, दातांनी चावल्या. एका पोरानं तर बाटलीवर बसून पाहिलं. टक टक आवाजाची त्यांना गंमत वाटली, अंगणवाडी नुसती वाजत होती. एकही टोपण निघालं नाही.

कंपनीचा माणूस रुमालानं मान पुसत म्हणाला, "पाच वर्षांच्या मुलीनं हे उघडलं असं कागदावर आलं तर आमचे वकील कोर्टात उभे राहतील. आत्ताच सांगून ठेवतो."

म्हणजे हिशेब असा झाला. मुलीला उघडता येणं शक्य नाही. नवरा शेतात, त्याला चार जणांनी पाहिलेलं. घरात मोठं माणूस एकच. ज्या टोपणानं मुलीला वाचवायचं होतं, तेच टोपण आता त्या बाईला फासाकडं ओढत होतं.

आमचे उपविभागीय अधिकारी थेट भरतीचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांचा फोन आला. "थांबलात कशाला? मामाची माणसं माझ्या दारात आली आहेत. गुन्हा नोंदवा, अटक दाखवा."

"सर, प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या."

"तो यायला महिने लागतात."

"मुद्देमाल मी स्वतः नांदेडच्या प्रयोगशाळेत घेऊन जातो. तोंडी मत तरी घेऊन येतो. तोवर बाई माझ्या नजरेत आहे, ती कुठं जात नाही. ती पळाली तर माझी वर्दी घ्या."

"वर्दीचा सौदा करू नका हो," ते म्हणाले. पण त्यांनी मुदत दिली.

मी मुदत का मागितली? दयेनं नाही. एक गोष्ट टोचत होती. सील करताना मी बाटलीच्या मानेतली ती तुटलेली कडी पाहिली होती. तिच्या तुटलेल्या टोकांत काळा मळ बसलेला होता. म्हणजे बाटली बऱ्याच दिवसांपासून उघडलेली होती, रोजच्या वापरातली होती. आणि आम्ही अंगणवाडीत वाजवत बसलो होतो त्या खोक्यातल्या कोऱ्या बाटल्या. बाजारात उभा असलेला बैल आणि दोन हंगाम औताला चाललेला बैल, यांची परीक्षा एकसारखी घेत नाहीत, हे मी चड्डीत होतो तेव्हाच वडिलांनी मला शिकवलं होतं. पण ती वापरातली बाटली लाखेच्या सीलखाली होती आणि सील तोडायचा अधिकार मला नव्हता.

मुखेड, कंधार करत आम्ही नांदेड गाठलं. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ बाई मुद्देमाल बघून म्हणाल्या, "विष कोणतं, किती, हे आम्ही सांगू. टोपण उघडतं का, हे तुमच्या मागणीपत्रात विचारलेलं नाही."

"मग आता विचारतो."

"असं नाही होत. पूरक पत्र लागतं, तुमच्या वरिष्ठांच्या सहीचं."

"मॅडम, ठाण्याचा प्रभारी मी आहे, शिक्का माझ्या जीपमध्ये आहे, पत्र तुमच्या टेबलावर लिहितो. तुम्ही नाही म्हणालात तर नाही असं लेखी द्या, म्हणजे उद्या कोर्टात मला कारण सांगता येईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही भांडायलाच आलात का?"

"गरज पडली तर."

त्यांनी एक माणूस बोलावून कॅमेरा लावला. सीलचा फोटो घेतला, कापड सोडलं. हातमोजे घालून टोपण बाटलीवर घट्ट बसवलं. मग काही न दाबता, नुसत्या अंगठा आणि एका बोटानं फिरवलं. मी टक टक आवाजाची वाट बघत होतो. आवाज आला नाही. टोपण गुपचूप फिरलं आणि त्यांच्या हातात आलं.

त्यांनी पुन्हा बसवलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"हे साध्या टोपणासारखं उघडतंय," त्या म्हणाल्या. मग उजेडापुढं धरून सळईनं दोन टोपणांमधली फट खरवडली. पिवळसर, डिंकासारखं काहीतरी निघालं. "बाहेरचं आणि आतलं एकमेकांना चिकटलंय. दोन्हींचं एक झालंय. हे औषध नाही. हे वाळलेलं तेल वाटतंय. तपासून लेखी देते."

मी खुर्चीत बसलो. आनंद झाला म्हणायला मला लाज वाटते, कारण पुढचा प्रश्न लगेच समोर उभा राहिला. बैलाच्या औषधाच्या टोपणात तेल आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी गावात गेलो तेव्हा मुलीचा बाप गोठ्यात होता. बैलाचे कान उलटे करून तो गोचीड बोटांनी काढत होता आणि दगडावर चिरडत होता. नवं औषध आणलं नव्हतं. मला बघून उभा राहिला.

"साहेब, हिला फाशी हुईल का?"

मी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. जनावर खरंच देखणं होतं. "औषध कसं लावता तुम्ही?" मी विचारलं.

"तेलात कालवून. अर्धं टोपण औषिद, दोन टोपणं करडईचं तेल. कानामागं, शेपटीखाली लावलं की चिकटून राहातंय. पाण्यात कालवलं की वाहून जातंय. आमच्या बापापासून असंच हाय."

"आणि तेल कशानं मोजता?"

"त्याच टोपणानं. दुसरं माप कुठून आणू?"

"मग टोपण धुता?"

"पुसतो. पुसून लावतो बाटलीला."

करडईचं तेल आमच्या भागातल्या घराघरांत. त्या तेलाची कढई दोन दिवस न घासता ठेवा, काठाला पिवळा चिकटा धरतो. आणखी ठेवा, नखानं निघत नाही. बाईमाणसाला हे सांगावं लागत नाही. पण औषधाच्या टोपणाला दोन पदर असतात आणि त्या पदरांमधल्या मोकळेपणावरच एका लेकराचा जीव टांगलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलं होतं? आपल्याकडं टोपण हेच माप. कीटकनाशक टोपणानं, फिनेल टोपणानं, खोकल्याचं औषध टोपणानं. घरात वेगळं माप कोणी ठेवत नाही, कारण बाटली स्वतःच माप घेऊन येते.

माझ्या पिशवीत एक कोरी बाटली होती. मी ती त्याच्या हातात दिली. "नुसतं फिरवा."

टक टक वाजलं.

"आता तुमच्या बाटलीचं आठवा. तुम्ही दाबत होता का?"

तो बाटलीकडं बघत राहिला. "पयल्यांदा दाबावं लागायचं," तो हळू बोलला. "मागनं... मागनं नुसतं फिरवलं तरी निघायचं. मला वाटलं, सैल झालंय. बरं झालं म्हणलं." त्यानं पुन्हा फिरवलं. टक टक. पुन्हा फिरवलं. मग थांबला. "म्हंजी मीच."

मी बरेच कबुलीजबाब ऐकले आहेत. त्या दोन शब्दांना कबुली म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो बैलाच्या पायाशी खाली बसला आणि बैलानं वाकून त्याचं डोकं हुंगलं.

"हे लिहावं लागेल," मी म्हणालो. "तुमच्या बायकोवरचा आरोप जायचा तर तुमचा जबाब लागेल. औषध तुम्ही कसं मोजत होता, टोपण कधीपासून नुसतं फिरत होतं, सगळं. मामाला कळेल, गावाला कळेल. मी लपवून ठेवू शकणार नाही."

मी थांबलो. माझ्या स्वभावात थांबणं नाही, पण थांबलो.

"लिवा," तो म्हणाला.

इथं मला एक राग सांगून टाकायचा आहे, कारण तो अजून उतरलेला नाही. प्रयोगशाळेचं लेखी मत आल्यावर मी अंतिम अहवाल लिहिला. घातपात नाही, कोणावर गुन्हा नाही. त्यात मी टोपणाबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहिला. टोपणाची पोकळी आतून बंद करावी, म्हणजे कोणी त्याचं माप करणार नाही. प्रत्येक बाटलीबरोबर मापाची छोटी वाटी द्यावी. सूचना मराठीत छापावी. आणि हे खात्यानं संबंधित कार्यालयांना कळवावं. कंपनीच्या माणसाशी मी आधीच बोललो होतो.

"साहेब, आमचं टोपण तुमच्या तपासात पास झालंय," तो म्हणाला होता. "लोक भलत्याच कामाला वापरतात, त्याला आम्ही काय करणार?"

"लोक टोपणानंच मोजणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्याच लेबलवर लिहिलंय, अमुक टोपणं औषध, तमुक बादली पाणी."

त्यानं बाटली फिरवून लेबल वाचलं. खरंच तसं छापलेलं होतं. "वर कळवतो," तो म्हणाला.

"कळवू नका, आणा. वाटी आणा. एवढ्याशा वाटीला काय लागतं?"

"वर कळवतो साहेब."

आणि आमच्या उपविभागीय अधिकाऱ्यांनी तो परिच्छेद लाल शाईनं खोडला. मला बोलावून म्हणाले, "तुम्ही टोपणाचे इंजिनिअर कधी झालात? शिपाई म्हणून भरती झालात ना? मग पोलिसाचं काम करा." मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात माझ्या नावापुढं उद्धट असा शेरा पडला आणि तो पुढं बढतीच्या वेळी बाहेर काढला गेला. शेऱ्याचं मला काही नाही. पण तो परिच्छेद कुणाच्या तरी टेबलावर पोचायला हवा होता. निवृत्तीनंतरही उदगीरला, लातूरला, धर्माबादला गेलो की जनावरांच्या औषधांच्या दुकानात मी ती बाटली मागून बघतो. तेच टोपण, तेच लेबल. वाटी नाही. दुकानदार विचारतो, घ्यायची का? मी भांडतो आणि निघून येतो.

तरी मला सांगायचं होतं ते हे नाही. बाईचा शेवटचा जबाब राहिलाय.

तो द्यायलाही ती स्वतःच ठाण्यात आली. नवरा बरोबर आला होता, पण आत येईना. बाहेर लिंबाखाली, पाठ करून उभा होता. मी तिला बसायला सांगितलं आणि म्हणालो, "तुमच्यावर काही नाही. टोपण चिकटलेलं होतं. मुलीच्या हातानं उघडलं."

"कशानं चिकटलं?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकाच घरात राहून नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "करडईच्या तेलानं."

तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. तिनं खिडकीतून बाहेर लिंबाकडं पाहिलं. नंतर महिला शिपायाला म्हणाली, "ताई, मालकाला चहा पाठवा ना. दोन दिस झाले, पोटात काय न्हाई त्येंच्या."

महिला शिपाई उठून गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो, दार उघडं होतं. मग ती आपणहून बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, टेबलाशी बोलल्यासारखी.

"मी पाण्याला गेलते. नळ आलता. तिला खोकला आला असंल. औषिद कुटं असतंय, टोपणात वतून प्यायचं, ते समदं तिला ठावं होतं. पर खोकल्याची बाटली मी फळीवर ठिवलेली, तिचा हात पुरत न्हाई म्हणून. मग दुसरी दिसली असंल तिला. आई कामात हाय, आपलं आपण घ्यावं म्हणलं असंल. लई शहाणी होती साहेब. लई शहाणी."

मला मुली आहेत. मी टेबलावरची फाईल उगाच सरळ केली.

महिला शिपाई परतल्यावर मी रायटरला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, बोलावून जबाब लिहून घेतला आणि त्यानं तो वाचून दाखवायला सुरुवात केली. नियम आहे, जबाब वाचून दाखवायचा, बरोबर आहे म्हटलं की सही घ्यायची. "मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी मयत मुलीची सावत्र आई असून..."

"ते काढा," ती म्हणाली.

रायटर थांबला. "काय काढू?"

"सावत्र."

"बाई, ते नातं लिहावं लागतं. सगळ्या कागदांत तसंच आहे."

"समद्यात असू द्या. हे मी सांगायले ना? मग मी सांगते तसं लिवा. ती मला कधी सावत्र म्हणली न्हाई."

रायटरनं माझ्याकडं बघितलं. जन्मभर मी भाव पाडत आलो, समोरच्याचा आकडा कमी करत आलो. या मागणीत कमी करण्यासारखं काही नव्हतं. आणि कायद्याच्या बाजूनंही ती बरोबर होती. जबाब देणाऱ्याचा असतो, घेणाऱ्याचा नाही. मी कागद ओढून घेतला, त्या शब्दावर एक रेघ मारली, बाजूला माझी छोटी सही केली आणि रायटरला म्हणालो, "पहिल्यापासून वाच."

त्यानं वाचलं. "मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी मयत मुलीची आई असून..."

तिथं ती रडायला लागली. आधी आवाज नव्हता. मग असा आवाज आला की बाहेरच्या लिंबाखालचा माणूस वळला आणि धावत ओट्यापर्यंत आला. दारात येऊन थबकला. आत यायचं त्याच्यानं होईना. तिनं हात पुढं केला नाही, पण पदर तोंडावरून बाजूला केला आणि सरकून बाकावर थोडी जागा केली. तो आत येऊन तिच्या शेजारी बसला. दोघांमध्ये एका लेकराएवढी जागा राहिली होती.

मी रायटरला बाहेर घेऊन गेलो. सही नंतर घेतली.

पोलिसाला असं शिकवलेलं असतं की दुःख झालं म्हणजे कुठंतरी दोषी आहे, आणि त्याला शोधून काढला की काम संपलं. मीही तसंच मानत होतो. त्या प्रकरणानं मला एवढं कळलं की काही वेळा आपण शोधत शोधत अशा दारात पोचतो, जिथं अटक करायला कोणी नसतं, आणि तरी तिथून खरं सांगितल्याशिवाय परत येता येत नाही. एका निरपराध बाईला मी सोडवलं, हे खरं आहे. त्यासाठी मला एका बापाला उरलेल्या आयुष्याची शिक्षा वाचून दाखवावी लागली, हेही तितकंच खरं आहे. कुठल्याही न्यायालयानं ती दिली नव्हती आणि कुठल्याही न्यायालयात तिचं अपील नाही.